हिम्मतरावांच्या मिशीची नोकरी

हिम्मतराव बिरादार खोलीत शिरले की आधी त्यांची मिशी शिरायची आणि मागून सवडीने हिम्मतराव यायचे, असं त्यांच्या बायकोचं, इंदुताईंचं म्हणणं होतं. बायकोच्या बोलण्यातलं तिखट वजा केलं तरी ते फारसं खोटं नव्हतं. ओठावरून निघून दोन्ही गालांवर पसरलेली आणि टोकाला पीळ दिलेली अशी ती मिशी होती. देगलूरजवळच्या त्यांच्या गावात सांगत, की हिम्मतरावांच्या आजोबांनी निजामाच्या तहसीलदारापुढेसुद्धा हा पीळ सैल केला नव्हता. तहसीलदार त्या वेळी झोपलेला होता, हा तपशील भाऊबंद आवर्जून सांगत आणि घरचे आवर्जून गाळत.

एवढी ऐतिहासिक मिशी घेऊन हिम्मतराव हैदराबादेत काय करत होते, तर एका सरकारी कारखान्यात टाइमकीपर होते. कोण कधी आला आणि कोण कधी सटकला, हे बघायचं काम. मग नव्वदच्या दशकात देशाचे विचार बदलले, कारखाना तोट्यात आहे हे सरकारला अचानक दिसलं, आणि हिम्मतरावांच्या हातात निवृत्तीचा कागद पडला. ज्या माणसाने उभा जन्म घड्याळाकडे बघण्यात घालवला त्याला निरोपाला घड्याळच दिलं. कारखाना का बुडाला, हे इंदुताईंना त्या दिवशी समजलं.

बरकतपुऱ्यातल्या दोन खोल्यांत बसून हिम्मतराव आता बायकोची हजेरी घेऊ लागले. आज भाजी उशिरा चढली, काल कुकर लवकर उतरला. इंदुताईंनी तीन आठवडे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "तुम्ही कुठंतरी जात जावा बघा. घरात बसून माझं टायम कामून बघायलाव?"

म्हणून हिम्मतराव रोज अफझलगंजच्या वाचनालयात पेपर वाचायला जाऊ लागले. तिथल्या पायऱ्यांवर त्यांना वहीदभाई भेटले. वहीदभाईंचं जवळच टेंट हाऊस होतं. लग्नाचे शामियाने, खुर्च्या, हंडे, पातेली. पण जमाना ओळखून त्यांनी पाटी बदलली होती आणि आता ते इव्हेंट मॅनेजमेंट करत होते. हंडे तेच होते. बाजारात बैल बघावा तसे वहीदभाई हिम्मतरावांच्या भोवती एक चक्कर मारून आले आणि मिशीवरूनच त्यांना गावचा पाटील ठरवून त्यांनी विचारलं, "पटेल साब, मूछां असली हैं क्या?"

"असली नाही तर काय भाड्यानं आणली?" हिम्मतराव भडकले.

"गुस्सा नक्को करो जी. मैं भाडे से लेने कूच आया हूं."

गोष्ट अशी होती, की देशाने जगासाठी दारं उघडली होती आणि दारात उभं राहायला माणूस हवा होता. गोरे साहेब यायचे, कॉम्प्युटरवाले यायचे, परिषदा भरायच्या. प्रत्येक परिषदेच्या दारात फेटा, शेरवानी आणि दांडगी मिशी लावलेला एक राजा कमरेत वाकून सलाम करायला लागायचा. खरे राजे असल्या कामाला येत नसत. वहीदभाईंनी अटी तोंडी सांगितल्या. काम निघालं की फोन करणार. फोन केलाच पाहिजे असं बंधन आमच्यावर नाही, आलंच पाहिजे असं तुमच्यावर नाही. आलात त्या दिवसाचे पैसे, नाही आलात त्या दिवसाचं कोणाचंच काही देणं नाही. फक्त एक. मिशी बारा महिने अशीच राहिली पाहिजे.

इंदुताईंनी हे ऐकलं आणि एका वाक्यात त्या कराराचं सार काढलं. "म्हणजे तुम्हाला रोजंदारीवर ठेवलंय आणि मिशी पर्मनंट केली."

सुरुवातीला हिम्मतराव या नोकरीवर बेहद्द खूश होते. कारखान्यात मेहुण्याच्या लग्नाला रजा मागायची तर तीन सह्या लागायच्या. आता मालक नाही, साहेब नाही, अर्ज नाही. बारशाला जा, बोरन्हाणाला जा, मनात आलं तर दुपारी झोपा. गावाकडे त्यांनी कळवून टाकलं होतं की आपण मोठ्या हॉटेलात प्रोटोकॉलचं काम बघतो. कोणाला प्रोटोकॉल म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना ते खरं वाटलं.

मग हळूहळू त्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू वर येऊ लागली. फोन होता तळमजल्यावर, घरमालकीण भाग्यलक्ष्मी अम्मांकडे. तो कधी वाजेल याचा नेम नाही, म्हणून हिम्मतराव सकाळीच आंघोळ करून, मिशीला तूप लावून जिन्यात खुर्ची टाकून बसत. "पटेल गारू, फोन वच्चिंदि!" अशी खालून हाक आली की दोन दोन पायऱ्या उतरत. निम्म्या वेळा तो अम्मांच्या विजयवाड्याच्या बहिणीचा निघायचा. बारशाला जायची मुभा होती, पण गेलं आणि तेवढ्यात फोन येऊन गेला तर? एकदा असं झालं आणि वहीदभाईंनी पुढे महिनाभर फोन केला नाही. रागावले नव्हते. नुसता फोन केला नाही. असल्या नोकरीत साहेबाला रागवायचीसुद्धा गरज पडत नाही, ही सोय मला वाटतं फार विचार करून काढलेली असावी.

इंदुताईंना तर दुपारी भाकरी किती थापायच्या हेच कळेनासं झालं. "कारखान्यात होते तेव्हा माणूस आठ घंटे तिकडं अन् बाकीचे घरात," त्या अम्मांना सांगत, "आता चोवीस घंटे घरात हायत, पण घरात नाहीतच."

आणि अशात एक खरीखुरी नोकरी चालून आली. बंजारा हिल्सवर नवं मोठं हॉटेल झालं होतं. तिथे कार्यक्रमांचं बघायला अपर्णा नावाची पुण्याची मुलगी होती. तिच्या दोन परिषदांना हिम्मतराव दारात उभे राहिले होते, आणि बोलता बोलता मराठी निघाल्यावर ती त्यांना काका म्हणायला लागली होती. हॉटेलला दारात कायमचा माणूस हवा होता. ठरलेली ड्यूटी, ठरलेला पगार, प्रॉव्हिडंट फंड, आठवड्याची सुटी, दोन वेळचं जेवण. मॅनेजरने फोटोवरूनच होकार दिला होता.

"काका, पुढच्या महिन्यात पहिल्या तारखेला जॉइन व्हा," अपर्णा म्हणाली. "खरं तर ऑन कॉलमध्ये फ्रीडम जास्त असतो हं. आमच्याकडे मुलं मुद्दाम तसंच मागतात."

"मला नक्को बाई फ्रीडम," हिम्मतराव म्हणाले. "लई झाला. जिन्यात बसून बसून पाठ गेली."

त्या दिवशी घरी येताना त्यांनी बायकोला गजरा आणला. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच, कारण इंदुताईंनी आधी विचारलं, "कोण गेलं?"

गेलं कोणीच नव्हतं. ते चार दिवसांनी गेलं. गावाकडे नामदेवकाका वारले. हिम्मतरावांचे सख्खे चुलते, मूलबाळ नसलेले, आणि अट्टल बांधकोरे. दर वर्षी नांगरताना शेताचा सामाईक बांध ते वीतभर हिम्मतरावांकडे ढकलत. एवढ्या वर्षांत बांधाने इतका प्रवास केला होता की अजून दहा वर्षं जगले असते तर काका बरकतपुऱ्यात शिरले असते. पुतण्याशी बोलणं कधीच बंद झालेलं. निरोप आला त्या दिवशी परिषद होती, म्हणून हिम्मतराव मातीला गेले नाहीत. अग्नी दुसऱ्या पुतण्याने, काकांच्या म्हशीवर डोळा असलेल्या हणमंतरावाने दिला. पण दहाव्याला न जाऊन चालणार नव्हतं. आणि दहाव्याला भाऊबंदांनी डोकी आणि मिशा उतरवायच्या असतात.

"आता?" इंदुताई म्हणाल्या.

"जातो. पण मिशीला हात लावू देत नाही," हिम्मतराव म्हणाले. "त्यानं माझा बांध कोरला, आता मेल्यावर मिशी कोरतो काय?"

इंदुताईंनी देवापुढे दिवा लावला. काकांच्या आत्म्यासाठी की प्रॉव्हिडंट फंडासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही.

मांजरेच्या काठावर सगळे भाऊबंद न्हाव्यापुढे ओळीने बसले आणि गुळगुळीत होऊन उठले. हिम्मतरावांनी डोक्याचे केस दिले, मिशी दिली नाही. नोकरीचं कारण सांगितलं. त्यांच्याकडे सगळ्यांनी एकदा बघितलं आणि मग पिंड मांडला. कावळा समोरच्या बाभळीवर तयारच होता. तो पिंडाकडे बघेना. मान वाकडी करून तो सरळ हिम्मतरावांकडे बघत बसला. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

मग इच्छा पुरवायला सुरुवात झाली. "काका, विहिरीचा गाळ काढतो." कावळा हलेना. "काका, काकूला बघतो, काळजी नको." कावळ्याने पंख खाजवले. ऊन चढलं, भुका लागल्या, घरी स्वयंपाक निवत चालला. शेवटी हणमंतराव म्हणाला, "हिम्मत्या, जीव तुझ्या मिशीत अडकलाय त्यांचा. सगळ्यांनी उतरवल्या, तू कोण लाट साहेब लागून गेलास?"

"मी बांध सोडतो," हिम्मतराव ओरडले. "काका, सगळा बांध तुमचा! पण ही राहू द्या."

असा बांध त्या शिवारात कोणी कधी सोडला नव्हता. कावळा तरीही जागचा हलला नाही.

बायकांत बसलेल्या तारामतीकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, मान वर करून हिम्मतरावांकडे बघितलं. हिम्मतरावांना नेमकं तेव्हाच आठवलं, की पहिली लव फुटली तेव्हा याच काकाने चुलीपाशी बसवून, बोटाला तूप लावून पीळ कसा द्यायचा ते शिकवलं होतं. बांध कोरायच्या आधीचा काका होता तो. हे आठवायला तीच वेळ सापडावी याचा हिम्मतरावांना भयंकर राग आला, आणि रडूही आलं. ते न्हाव्यापुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "कर बाबा."

मिशी वाळूत पडली. वाऱ्याने थोडी उडालीसुद्धा. सगळ्यांनी बाभळीकडे बघितलं. कावळा होता तिथेच होता.

तेव्हा मात्र तारामतीकाकू उठल्या, पदर खोचून पुढे आल्या आणि नवऱ्याशी जिवंतपणी बोलायच्या तशाच आवाजात म्हणाल्या, "कळलं, कळलं! ती म्हैस हणमंतरावाला देत नाही, जा!" कावळ्याने झेप घेतली आणि पिंडाचा अर्धा लचका तोडला. हणमंतरावाचा चेहरा पडला. हिम्मतराव हसले असते, पण ओठावर वारा लागत होता आणि तोंडाचं काय करायचं ते सुचेना.

बरकतपुऱ्यात परतले तर दारात भाग्यलक्ष्मी अम्मांनीच अडवलं. "एवरु कावालि?" कोण पाहिजे म्हणून. इंदुताईंनी दार उघडलं, चेहरा उजेडाकडे वळवून बघितला आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई, मागं असा चेहरा होता होय! मी उगंच एवढी वर्षं भेत होते." मग आत जाऊन त्या नवऱ्याकडे पाठ करून चुलीसमोर उभ्या राहिल्या. पहिली तारीख सहा दिवसांवर होती.

हिम्मतराव तोंडाला रुमाल लावून वहीदभाईंकडे गेले. रुमाल काढल्यावर वहीदभाईंनी कपाळावर हात मारला. मुसलमान असले तरी दहाव्याचं दुःख त्यांना पोचलं, कारण परवाच त्याच हॉटेलात त्यांचा कार्यक्रम होता. मग त्यांनी एक पत्र्याची पेटी ओढली. नाटकवाल्यांना भाड्याने द्यायच्या मिशा होत्या त्यात. काळ्या, करड्या, झुपकेदार, मेथीच्या जुड्यांसारख्या रचून ठेवलेल्या.

"परेशान नक्को हो पटेल साब. मूछां बहोत हैं अपने पास."

"गोंदाची मिशी? मी?" हिम्मतराव म्हणाले.

"नौकरी होना कि मूछां होना, बोलो."

हिम्मतरावांना नोकरी हवी होती. तीन महिने निघाले की आपली खरी उगवते आणि गोंदाची परत पेटीत जाते, असा त्यांनी मनाशी हिशोब जमवला. फेट्याने डोकं झाकलं, गोंदाने ओठ. परवाच्या कार्यक्रमात ते दारात उभे राहिले आणि असे उभे राहिले की पूर्वी कधी राहिले नव्हते. भीतीने मान ताठ झाली होती. गोऱ्या बायांनी शेजारी उभं राहून फोटो काढले. एका मंत्र्याने खांद्यावर हात ठेवला. कोणाच्या बापाला पत्ता लागला नाही.

कार्यक्रम संपल्यावर अपर्णा मॅनेजरला घेऊन आली. "सर, हेच हिम्मतराव काका. बघा ना, काय मिशी आहे! खानदानी आहे, ओरिजिनल." मॅनेजरही कौतुकाने म्हणाला, की असली गोष्ट पैशाने मिळत नाही.

इथे दुसरा कोणीही असता तर हसून गप्प बसला असता, पहिल्या तारखेला सही केली असती आणि तीन महिन्यांत सगळं निभावून गेलं असतं. मी असतो तर मी गप्प बसलो असतो. पण समोर खानदान हा शब्द निघाला होता, आणि बिरादारांच्या घरात तेवढ्या एका शब्दापायी आजवर बरीच जमीन गेली होती. गोंदाच्या जुडीला कोणी आपल्या बापजाद्यांचा मान द्यावा, हे हिम्मतरावांना सहन झालं नाही. त्यांनी मिशीचं एक टोक धरलं आणि ओढलं. चर्रर्र आवाज झाला. मिशी हातात आली.

"खोटं बोलून नोकरी नक्को, साहेब," ते ताठ मानेने म्हणाले. "ही भाड्याची. माझी असली काकाच्या दहाव्याला दिली. तीन महिन्यांत येती परत. तेव्हा बघा खानदानी."

अपर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, ग्रेट आहात," ती म्हणाली. मॅनेजरने मात्र मिशी हातात घेतली. उलटसुलट करून बघितली, दिव्याखाली धरली. खरोखरच सुरेख वस्तू होती. मग त्याने फार शांतपणे वहीदभाईंना विचारलं, "ये किसी को भी लग जाती है?"

वहीदभाई धंदेवाले होते. ते म्हणाले, "किसी को भी, साब."

दुसऱ्या दिवशी अपर्णाचा फोन आला. ती पोस्ट तूर्त होल्डवर ठेवली आहे म्हणाली. दाराचं काम सगळं ऑन कॉल करायचं ठरलंय, वहीदभाईच माणूस पाठवतील. "पण काका, तुमचं नाव पॅनलवर आहे हं. तुम्हाला कोणी काढलेलं नाही."

"हौ," हिम्मतराव म्हणाले. "ठेवलंच नव्हतं तर काढतील कसं."

इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावायचं त्यांनी ठरवलं होतं, तयारीही केली होती. "खरं बोलायला उभा जन्म पडला होता," त्या म्हणाल्या, "तुम्हाला तोच दिवस घावला?" पण मग त्या खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या आणि गोंदाने सोलवटलेल्या त्यांच्या ओठावर बोटाने तेल लावत बसल्या. हिम्मतराव डोळे मिटून बसून राहिले. तेवढा वेळ खालच्या फोनकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

तीन महिन्यांत मिशी परत आली, आणि सहा महिन्यांत पहिल्यासारखी झाली. थोडी पांढरी आली, त्याने उलट दरारा वाढला. वहीदभाईंकडून मात्र हाक आली नाही. भांडण झालं नव्हतं. अफझलगंजला दिसले की ते प्रेमाने चहा पाजत, तब्येत विचारत, मिशीकडे बघून "क्या बात है" म्हणत, आणि दुकानात निघून जात. गोंदवाला माणूस निम्म्या पैशांत उभा राहत होता.

पुढच्या मोसमात इंदुताईंच्या भाच्याचं लग्न त्याच हॉटेलात निघालं. भाचा कॉम्प्युटरमध्ये होता. हिम्मतराव कोट घालून, मिशीला पीळ देऊन पाहुणे म्हणून गेले. दारात फेटा आणि शेरवानी घातलेला राजा कमरेत वाकला. "वेलकम सर." आवाज ओळखीचा वाटला. तो वहीदभाईंचा यादय्या होता, आधी शामियान्याचे बांबू वाहायचा. आता तोही फोनची वाट बघायचा, बांबूसाठी आणि मिशीसाठीही. घामाने त्याच्या मिशीची डावी बाजू सुटून लोंबत होती.

हिम्मतरावांनी आजूबाजूला बघितलं, अंगठ्याने ती बाजू दाबून बसवली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली. इंदुताई पुढे जाता जाता थांबल्या.

यादय्या हलक्या आवाजात म्हणाला, "पटेल, तुमारी असली है ना?"

"हौ."

"रोज तेल, घी, इत्ती मेहनत." यादय्याला खरंच कळत नव्हतं. "काम तो आता नइं. कायकू रखे फिर?"

हिम्मतरावांनी अंगठा काढला. मिशी नीट चिकटली होती.

"फोन आया तो?" ते म्हणाले.